गोळी कुठे सुटते ते शोधा : वस्तीत राहून बीपी आटोक्यात ठेवण्याची रीत

माझे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहून त्यांनी आम्हाला वाढवलं. पन्नाशीत त्यांना बीपीची गोळी सुरू झाली आणि ती ते नेमाने घ्यायचे. एका चैत्रात यात्रेसाठी साताऱ्याकडे गावी गेले. चार दिवसांचा बेत होता, पण चुलत्यांच्या घराचं काम निघालं आणि तीन आठवडे राहिले. गोळ्यांचं पाकीट पाचव्या दिवशी संपलं. तालुक्याला जाऊन आणायच्या कुणी, आणि तसं बरंही वाटत होतं. कोपरखैरण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला. उजवी बाजू गेली. पुढची सहा वर्षं ते डाव्या हाताने जेवले.

त्यांना गोळी परवडत होती, डॉक्टरही चांगले होते. गोळी सुटली ती एस. टी.च्या प्रवासात आणि घरकामाच्या गडबडीत. आमच्या वसाहतीत गेली काही वर्षं आम्ही सहा-सात बायका मिळून बीपीची वही चालवतो. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण गोळी नेमकी कुठे सुटते हे या वहीने आम्हाला शिकवलं, आणि तिथे शेजारपाजार, आशाताई, आरोग्य केंद्र यांनी कसं उभं राहायचं तेही. ज्यांना आपल्या चाळीत, सोसायटीत किंवा गावठाणात हे सुरू करायचंय त्यांच्यासाठी सगळी रीत लिहिते आहे.

आधी मोजायला शिका

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून या भागाला घाई करू नका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू दुसऱ्या मजल्यावरून उतरून तडक माझ्याकडे आल्या. दिवाणावर बसल्या, पाय लोंबकळत होते. मी ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा बांधला आणि मशीन चालू असताना त्या सुनेची तक्रार सांगत राहिल्या. आकडा आला १६८. काकूंचा चेहरा उतरला. मग आम्ही नीट केलं. पाठीला टेक असलेली खुर्ची दिली, पाय जमिनीला टेकवले, बाही वर सारली, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि पाच मिनिटं दोघी गप्प बसलो. आता आला १४२. तोही जास्तच होता आणि त्याकडे बघायला हवंच होतं. पण १६८ आणि १४२ यांत गोळीचा डोस बदलण्याइतका फरक आहे.

तर हे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू-विडी नाही, जिने चढणं नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीवर पाठ टेकून, पायांची अढी न घालता, पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर बांधायचा. मोजताना बोलायचं नाही, कुणी बोलायला लावायचंही नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांवर घ्या. ज्या हातावर जास्त येतो, पुढे कायम तोच हात.

मशीन दंडावर बांधायचं घ्या. मनगटावरचं घेऊ नका, हात जरा खालीवर झाला की त्याचा आकडा बदलतो. साधं ऑटोमॅटिक मशीन दोन हजारांच्या आसपास मिळतं. सहा घरांनी वर्गणी काढली तर कुणालाच जड जात नाही. पट्ट्याचा आकार मात्र विसरू नका. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाला बसतो. शिवणकामाच्या टेपने दंड मोजून बघा. आमच्याकडे वर्षानुवर्षं ओझी उचललेल्या माणसांचे दंड याहून जाड निघाले. पट्टा लहान पडला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणून आम्ही मोठा पट्टा वेगळा मागवला. वर्षातून एकदा तरी मशीन आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि तिथल्या मशीनशी ताडून बघा.

आकडा काय सांगतो

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा जास्त येत असेल, तर ते हाय बीपी. घरी मोजताना ही रेषा जरा खाली, १३५/८५ धरतात, कारण दवाखान्यात भीतीने थोडं चढतंच. एका दिवसाच्या आकड्यावर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. शंका असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

गोळी सुरू झाल्यावर बहुतेकांसाठी १४०/९०च्या खाली राहणं हे पहिलं ध्येय असतं. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर १३०/८०च्या खाली आणायला सांगतात. तुमचा आकडा कोणता, हे त्यांना विचारून कार्डावरच लिहून घ्या.

आणखी एक. "मला काही होत नाही, म्हणजे बीपी नसणार," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. डोकं दुखणं, चक्कर, घाम यांची वाट बघू नका. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचं आणि २१ टक्के स्त्रियांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यांना गोळी चालू होती. चाळीस खोल्यांच्या चाळीत हे किती जण होतात, ते तुम्हीच मोजा.

आशाताई आणि आरोग्य केंद्र

शहरातही आशाताई असतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्यांना लसीकरण आणि बाळंतपणापुरतं ओळखायचं, एवढीच आपली सवय. पण ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक नावाचा फॉर्म भरणं हेही त्यांचं काम आहे. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरात कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास आहे का, हे विचारतात आणि गुण देतात. ४ पेक्षा जास्त गुण झाले की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं असतं. कमरेचा घेर बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटीमीटरपर्यंत असेल तर गुण शून्य, त्यापुढे वाढत जातात. त्या दारात आल्या तर "आमच्याकडे सगळे ठीक आहेत" म्हणून परत पाठवू नका. बसवा, पाणी द्या, फॉर्म भरा. उन्हातून दिवसभर जिने चढणाऱ्या या बाईकडे तुमच्या वस्तीची सगळी माहिती असते.

नवी मुंबई महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं विभागाविभागात आहेत, ठाण्यातही तशीच. तिथे बीपी आणि शुगर तपासतात आणि गोळ्या देतात. पहिल्यांदा जाताना आधार कार्ड, मोबाइल नंबर, जुने रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं घेऊन जा. पाकिटं याच्यासाठी की "ती पांढरी छोटी गोळी" यावरून कुणालाच काही कळत नाही. केसपेपर निघतो, नाव नोंदलं जातं, आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) नसेल तर तोही काढून देतात. गोळ्या बहुतेक महिन्याभराच्या मिळतात. पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

कामगारांची एक अडचण खरी आहे. ओपीडी सकाळची आणि बाजारातलं कामही तेव्हाच. ज्यांच्या पगारातून कामगार विम्याचे (ईएसआयचे) पैसे कापले जातात त्यांना वाशी आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे, ते विसरू नका. काही ठिकाणी 'आपला दवाखाना' दुपारनंतर चालतो, जवळ असेल तर वेळ विचारून या. आणि एका महिन्यात स्वतः जाणं जमलंच नाही, तर घरच्या माणसाने कार्ड आणि घरी मोजलेले आकडे घेऊन जावं. देणं-न देणं डॉक्टरांच्या हातात, पण आकडे लिहिलेली वही सोबत असली की ते बहुतेक वेळा ऐकून घेतात.

मोठ्या तपासण्या किंवा बीपी आटोक्यातच येत नसेल, तर पुढे पाठवतात. नवी मुंबईत महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला आहेत, ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्याला. पाठवलं की त्याच आठवड्यात जा. चिठ्ठी कपाटात राहिली की सहा महिने तिथेच राहते, हे आम्ही फार वेळा पाहिलंय.

गोळीबद्दल जे कुणी नीट सांगत नाही

ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नावं तुमच्या पाकिटावर दिसतील. जुनी, तपासलेली आणि स्वस्त औषधं आहेत. महागडं ब्रँडचं नाव असेल तर डॉक्टरांना विचारून तेच औषध जनऔषधी केंद्रातून घ्या. काही जणांना एक गोळी पुरते, पुष्कळांना दोन लागतात. दुसरी गोळी लिहून दिली म्हणजे आजार बळावला, असं समजून घाबरू नका.

आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. हे वाक्य वस्तीतल्या प्रत्येकाला दहादा सांगावं लागतं, कारण सगळ्यात जास्त गोळ्या इथेच सुटतात. "आता १२८ आलंय, मग कशाला?" असं म्हणून बंद केली की दोन-चार आठवड्यांत आकडा पुन्हा वर. वजन उतरलं, मीठ कमी झालं, आकडा बराच खाली आला, तर डॉक्टर स्वतः डोस कमी करतात. आपण करायचा नाही.

त्रासामुळेही गोळी सुटते, आणि माणूस ते लाजेखातर सांगत नाही. ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. क्लोरथॅलिडोनने लघवीला जास्त होते, आणि पहाटे टेम्पोत बसून कामाला जाणाऱ्याला ती मोठीच अडचण आहे. एनालॅप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला लागू शकतो. या सगळ्यांना पर्याय आहेत. आमच्याकडच्या एका दादांनी घोटे सुजतात म्हणून दोन महिने गुपचूप गोळी बंद ठेवली होती. वहीत आकडे चढत चाललेले बघून आशाताईंनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, विषय संपला. म्हणून आम्ही "गोळी घेता का?" असं विचारत नाही, त्यावर सगळे हो म्हणतात. "या आठवड्यात किती दिवस राहून गेली?" असं विचारतो. मग खरं उत्तर येतं.

सकाळी की रात्री, याची फार काळजी करू नका. रोज एकाच कामाला ती बांधून टाका. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळाच्या मागे न लागता "कामावरून आल्यावरचा चहा" धरावा. राहून गेली तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एकच घ्या, दोन नाही.

शेजारणीची गोळी कधीही घ्यायची नाही. गरोदर असलेल्या किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने तर बीपीची कुठलीही गोळी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगूनच घ्यावी. टेल्मिसार्टन आणि एनालॅप्रिल बाळाला घातक आहेत. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्याही बीपी चढवतात. ओझी वाहणाऱ्यांच्या वस्तीत दुखण्याची गोळी घरोघरी असते, म्हणून कुणाचं बीपी एकाएकी चढलं की आम्ही आधी हेच विचारतो.

वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, शुगर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी होतोय ना, ते बघा. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या.

वही आणि माणसं

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक माणसाला समोरासमोरची दोन पानं. वर नाव, वय, डॉक्टरांनी सांगितलेला आकडा, चालू गोळ्या आणि घरातल्या एका माणसाचा फोन. खाली रकाने : तारीख, पहिला आकडा, दुसरा आकडा, आठवड्यात किती गोळ्या राहिल्या, आणि पाकीट कधी संपणार.

शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. आम्ही पहिलं वर्षभर फक्त आकडे लिहीत होतो. आकडा चढल्यावर कळायचं की गोळी दहा दिवसांपूर्वीच संपली. आता दर रविवारी वही उघडली की येत्या आठ दिवसांत कुणाची पाकिटं संपणार ती नावं आधी वाचतो, आणि सोमवारी केंद्रात कोण जाणार ते तिथेच ठरतं. तीन-चार जण एका रिक्षाने जातात, रांगेत एकमेकांची जागा धरतात.

जागा साधी असली तरी चालेल. समाजमंदिर, अंगणवाडीची खोली, सोसायटीचं ऑफिस, काहीही. मात्र तिथे पाठ टेकायला खुर्ची आणि शांतता हवी. गणपती मंडळाच्या स्पीकरशेजारी बीपी मोजू नका. वेळ कायमची एकच ठेवा. रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्हाला जमतं.

तुमच्या वस्तीत महिला आरोग्य समिती आहे का, हे आशाताईंना विचारा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण ५० ते १०० घरांमागे अशी समिती असते आणि तिला वस्तीच्या आरोग्याच्या कामासाठी वर्षाला ५,००० रुपयांचा निधी मिळतो. समिती कागदावर असेल तर जागी करा. वेगळं मंडळ काढण्यापेक्षा तिच्यातूनच काम केलं की केंद्रातली सिस्टरही तुम्हाला ओळखायला लागते, आणि महिन्यातून एकदा वस्तीत येऊन तपासणी करायला तयार होते.

कुणाचाही आकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. आमच्याकडे सुरुवातीला एकदा असं झालं. लग्नाच्या मुलीच्या वडिलांचा आकडा ग्रुपवर गेला आणि ते पुढे वर्षभर मोजायला आले नाहीत. तेव्हापासून वही दोघींच्याच ताब्यात असते आणि ज्याचं पान त्यालाच दाखवतो.

दोन रविवार कुणी आलं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका, घरी जा. रागवायला जायचं नाही. मशीन पिशवीत घेऊन जायचं, दहा मिनिटं बसायचं, मोजायचं. पुरुष मंडळी बाईने विचारलेलं मनाला लावून घेत असतील, तर त्यांच्याच टोळीतला कुणी सोबत न्या. आमच्याकडे एक निवृत्त मुकादम आहेत. त्यांनी "अरे, मोजून घे" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

आपण काय करायचं नाही, हेही ठरवून घ्या. गोळी सांगायची नाही, डोस बदलायचा नाही, काढे सुचवायचे नाहीत. मोजायचं, लिहायचं, आठवण करायची, सोबत जायचं.

मीठ : पुडीवर तारीख लिहा

जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, पाव, फरसाण सगळं आलं. पण स्वयंपाक करताना ग्रॅम कोण मोजणार? म्हणून आम्ही वेगळी युक्ती काढली. मिठाची एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहायची. चार माणसांच्या घरात, माणशी ५ ग्रॅम धरलं तर ती ५० दिवस पुरायला हवी. आमच्या गल्लीत पहिल्यांदा हे केलं तेव्हा बऱ्याच घरांत पुडी महिन्याच्या आत संपली, आणि बाहेरचं खाणं त्यात धरलेलंच नव्हतं. आकडा डोळ्यांसमोर आला की सासूसुनेत वाद होत नाही.

मग कमी कुठून करायचं? भाताला आणि भाकरीच्या पिठाला मीठ घालणं पहिलं बंद करा, आठवड्यात सवय होते. ताटातलं मीठ वाढणं बंद. आमटी-भाजीचं मीठ एकदम अर्धं केलंत तर घरातले जेवणार नाहीत, दर आठवड्याला चिमूटभर कमी करत जा. चव राखायला लिंबू, आमसूल, कोथिंबीर, लसूण, ओलं खोबरं, जवसाची किंवा कारळ्याची कमी मिठाची चटणी आहेच. पापडात मीठ असतं, वर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियम असतं. लोणचं रोजचं असेल तर सणावारापुरतं करा. वडापाव, फरसाण, वेफर्स, खारे दाणे, नूडल्सच्या मसाल्याची पुडी यांत किती मीठ जातं ते जिभेला कळत नाही.

दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली गावठाणातल्या आगरी-कोळी बहिणींना एक सांगते. पावसाळ्यात सुकट, जवळा, सुके बोंबील घरात असणारच, ते सोडा असं मी म्हणणार नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी फेकून द्या, पुन्हा एकदा धुवा आणि त्या कालवणात वरून मीठ घालूच नका. वांग्यात सुकट घालताना सगळं मीठ सुकटीतूनच उतरू द्या. आणि त्या दिवशी ताटात पापड-लोणचं नको.

सैंधव किंवा काळं मीठ बीपीला चालतं, हा समज काढून टाका. त्यातही सोडियमच आहे. बाजारात कमी सोडियमचं, पोटॅशियम घातलेलं मीठ मिळतं. पुष्कळांना त्याचा फायदा होतो, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, एनालॅप्रिल चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं वाढू शकतं. डॉक्टरांना विचारूनच आणा.

बाकीचं थोडक्यात

ओझी उचलणं म्हणजे व्यायाम झाला, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. हृदयाला सलग, दम लागेल पण बोलता येईल असं चालणंही लागतं. रोज अर्धा तास, आठवड्याला पाच दिवस. कोपरखैरण्यात निसर्ग उद्यान आहे, ठाणेकरांना मासुंदा आणि कचराळी तलाव आहेत. चौघी मिळून जा, म्हणजे पाऊस-पाहुण्यांची सबब चालत नाही. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की बीपीही साधारण एका आकड्याने उतरतं, तेव्हा पाच किलोही वाया जात नाहीत.

तंबाखू आणि विडीबद्दल सगळे बोलतात, मिश्रीबद्दल कुणीच नाही. आमच्या आया-आज्या दिवसातून चार-चार वेळा मिश्री लावतात आणि "मी तंबाखू खात नाही" असं फॉर्मवर सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. विचारताना नाव घेऊन विचारा.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा डुलक्या लागणं हे ज्याच्या बाबतीत आहे, त्याने तेही डॉक्टरांना सांगावं. त्यामुळेही बीपी गोळ्यांना दाद देत नाही.

थांबायचं नाही अशी वेळ

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा शब्द न सुचणं, एकाएकी दिसेनासं होणं किंवा तोल जाणं. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा, वेळ लिहा आणि १०८ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. म्हणून जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून वेळ घालवू नका. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो ते तुमच्याजवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधून वहीच्या मागच्या पानावर लिहा. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं. सकाळचे तीन तास आम्ही मालिश आणि लिंबूपाण्यात घालवले.

छातीत दडपण, दम लागणं, किंवा बीपी १८०/१२०च्या वर आणि सोबत प्रचंड डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, धूसर दिसणं असेल तरीही हेच. काही खाऊपिऊ घालू नका. बीपीची जादा गोळी देऊ नका, जिभेखाली तर मुळीच काही ठेवू नका. बीपी एकदम खाली आलं तर मेंदूचं नुकसान वाढतं. आकडा १८०च्या वर आहे पण त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईचं बीपी १४०/९०च्या वर गेलं, तर त्रास असो-नसो, त्याच दिवशी रुग्णालयात. डोकं दुखत असेल किंवा अंधारी येत असेल तर त्या क्षणी.

उलटही होतं. म्हातारं माणूस उठताना भेलकांडत असेल, तर बसून आणि उभं राहून एक मिनिटाने असं दोन्ही मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी जास्त होत असेल.

गावी जाताना

चैत्रातल्या यात्रा, मे महिना, गणपती, लग्नं. आमच्या वहीत सगळ्यात जास्त कोरे रकाने या दिवसांतच होते. आता निघायच्या आठ दिवस आधी प्रत्येकाच्या गोळ्या मोजतो. जितके दिवस जायचं तितक्या गोळ्या आणि वर दहा दिवसांच्या जादा, कारण गावची कामं सांगून निघत नाहीत. कमी पडत असतील तर केंद्रात तारखेच्या आधी जाऊन कारण सांगायचं. अर्ध्या गोळ्या बॅगेत आणि अर्ध्या हातपिशवीत. कार्डाचा आणि पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये, आणि एक मुलाच्या मोबाइलमध्येही.

एवढं करूनही संपल्याच तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात कार्ड दाखवा. २०१७च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते, त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळांच्या गावी हे काम जुनं आहे. बीपीची नेहमीची गोळी तिथे मिळते, त्यासाठी तालुक्याला जावं लागत नाही. ही गोष्ट माझ्या वडिलांना कुणी सांगायला हवी होती.

जाणाऱ्याचं नाव, निघायची तारीख आणि गावाकडचा फोन नंबर वहीच्या वेगळ्या पानावर लिहितो आणि प्रत्येक नावापुढे आमच्यातल्या एकीचं नाव असतं. तिने फोन करून एवढंच विचारायचं, पाकिटात किती उरल्यात, मोजून सांगा. हा फोन आमच्याकडे चौथ्या दिवशी जातो.